आवळलेली मूठ आणि आरोग्याचा ताळेबंद

"जिवावरचे हातावर निभावले असे समजा." तीन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला आणि ते त्यातून वाचले, तेव्हा भेटीस येणारा प्रत्येक जण हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत बोलत होता. बोलणाऱ्यांचा हेतू सांत्वनाचा होता आणि त्यात तथ्यही होते. तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ बारा दिवसांनी रुग्णालयातून स्वतःच्या पायांनी नव्हे, तरी जिवंत घरी परतला होता. डॉक्टरांनी आपले कर्तव्य चोख बजावले होते. घरी सोडताना त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करण्यास सांगितले आणि "व्यायाम चालू ठेवा" एवढा उपदेश केला. व्यायाम कोणता, तो कोणी करून घ्यावयाचा आणि किती दिवस, हे कोणी सांगितले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही विचारले नाही.

'हातावर निभावले' ह्या शब्दांचा अर्थ तीन महिन्यांनी उलगडू लागला. आरंभी लुळा पडलेला उजवा हात हळूहळू आखडत गेला. कोपर दुमडून छातीशी आले, मनगट खाली वळले, आणि ज्या बोटांनी एकतीस वर्षे फळ्यावर खडू चालविला ती बोटे तळव्यात अशी रुतली की मूठ उघडता उघडेना. नखे वाढली की ती तळव्यात घुसत. आतली कातडी घामाने पांढरी पडून तिला वास येऊ लागला. वहिनी रोज सकाळी तो हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट उचलीत, ओल्या फडक्याने आतून पुसून घेत आणि जुन्या धोतराच्या कापडाची गुंडाळी मुठीत सरकवीत. ह्या कामाला पाऊण तास लागे. अण्णा एरवी बोलके. त्या पाऊण तासात मात्र ते भिंतीकडे तोंड करून बसत. वेदना होती हे खरेच. पण केवळ वेदनेसाठी माणूस असे तोंड फिरवीत नाही.

हे येथे सांगण्याचा हेतू घरगुती दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा नाही. असा हात आज शहरातील आणि खेड्यातील हजारो घरांत आहे. वाचकांपैकी अनेकांनी तो आपल्या आजोबांचा, सासूबाईंचा किंवा शेजाऱ्यांचा पाहिला असेल आणि 'झटक्याचा हात असाच होतो' म्हणून सोडून दिला असेल. तो तसा होतो हे खरे. तसाच राहिला पाहिजे हे मात्र खरे नाही. त्यावर उपचार आहे, तो जगात तीन दशकांहून अधिक काळ वापरात आहे आणि आपल्या मोठ्या शहरांतूनही उपलब्ध आहे. आमच्या घराला त्याचा पत्ता दीड वर्षाने, तोही योगायोगाने लागला. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु उपाय अस्तित्वात असूनही तो ज्याला हवा त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच अर्थशास्त्राचा आहे. म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस केले आहे.

ताठरपणाचे मूळ

आपण समजतो की मेंदूचे काम स्नायूंना हुकूम सोडण्याचे. ते अर्धेच खरे आहे. मेंदूचे तितकेच महत्त्वाचे काम आवर घालण्याचे असते. स्नायू ताणला गेला की तो आपोआप आकुंचन पावतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या पातळीवर चालते आणि मेंदूतून येणारे संदेश तिला सतत मर्यादेत ठेवीत असतात. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तेथे रक्तस्राव होतो आणि हा आवर नाहीसा होतो. मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटावा आणि खालच्या कचेरीने जुन्याच आदेशाची बजावणी पुनःपुन्हा करीत बसावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातील चेताविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली ह्या ताठरपणाची जी व्याख्या केली ती आजही प्रमाण मानली जाते. तिचा आशय असा की, स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढत जातो. घाईने मूठ उघडू पाहणाऱ्याला ती अधिकच घट्ट का मिटते, ह्याचे उत्तर ह्या व्याख्येत आहे.

पक्षाघातातून वाचलेल्या माणसांपैकी किती जणांना हा ताठरपणा येतो ह्याविषयी निरनिराळ्या पाहण्यांचे अंदाज वेगवेगळे आहेत. परंतु शेकडा २० ते ४० ह्या दरम्यान ते सामान्यतः येतात. त्या सर्वांनाच उपचार लागतो असे नाही. कित्येकदा ताठर पायावरच माणूस उभा राहू शकतो आणि तो सैल केल्यास उलट पडण्याची भीती असते. पण जेथे हात धुता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत घालता येत नाही, पाऊल आत वळून जमिनीवर सपाट टेकत नाही, तेथे उपचार टाळण्याची किंमत मोठी असते. कारण दीर्घकाळ आखडलेला स्नायू आणि त्याचा कंडरा पुढे कायमचाच आखूड होतो. मग कोणतेही इंजेक्शन उपयोगी पडत नाही. शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही. येथे वेळ हाही उपचाराचाच एक घटक आहे.

विषाचे औषध

ज्या इंजेक्शनाविषयी हा लेख आहे त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. बोट्युलिनम हे ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल विषांत मोडते. नीट न शिजविलेल्या वा न टिकविलेल्या मांसात ते तयार होते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात मांसाच्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास युस्टिनुस केर्नर ह्या कविवृत्तीच्या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केला. आणि हे विष अत्यल्प मात्रेत दिल्यास अनावर चेतासंस्थेला शांत करण्यास उपयोगी पडेल, अशी कल्पनाही त्याने तेव्हाच मांडून ठेवली. १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीच्या प्रसंगी वादकांनी खाल्लेल्या मांसामुळे विषबाधा होऊन तिघे दगावले, आणि त्या घटनेच्या शोधातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हे विष निर्माण करणारा जंतू हुडकून काढला. केर्नरची कल्पना प्रत्यक्षात येण्यास मात्र आणखी पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ह्या विषाचा सूक्ष्म मात्रेत उपयोग करून पाहिला आणि १९८९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने डोळ्यांच्या विकारांसाठी त्यास मान्यता दिली. पक्षाघाताने ताठरलेल्या अवयवांवर त्याचा वापर होऊ लागला तोही ह्याच सुमारास.

हे औषध काम कसे करते? चेतातंतू स्नायूला आज्ञा देतो ती ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या द्वारे. तंतूच्या टोकातून हे रसायन बाहेर पडण्यासाठी जी प्रथिने लागतात त्यांतील एकाचा हे विष छेद करते. आज्ञा निघते, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, काही आठवड्यांत पूर्णत्वास जातो आणि साधारणतः तीन ते चार महिन्यांनी ओसरतो, कारण चेतातंतू आपला संपर्क पुन्हा प्रस्थापित करतो. म्हणून इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते, आणि दोहोंत किमान १२ आठवड्यांचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. ते दंडावर टोचण्याच्या साध्या लशीसारखे नव्हे. कोणता स्नायू दोषी आहे हे ओळखून, शक्य तेथे विद्युत्‌चाचणीच्या किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राच्या साहाय्याने, नेमके त्याच स्नायूत ते द्यावे लागते. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची एकके परस्परांशी जुळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. औषध इष्ट जागेपासून दूर पसरल्यास गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेतील नियंत्रकांनी २००९ साली वेष्टनावर छापावयास लावला आहे. तेव्हा हे जाणत्या हातांचे काम आहे, गल्लीबोळातील 'खात्रीशीर उपायां'चे नव्हे.

काय साधते, काय साधत नाही

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ह्या इंजेक्शनाने मृत हात जिवंत होतो काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. आणि ते प्रारंभीच सांगितले पाहिजे, कारण आशेचा व्यापार करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. स्नायू सैल करणे म्हणजे मेंदूचा तुटलेला हुकूम पुन्हा जोडणे नव्हे. अमेरिकेत १२६ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मनगट व बोटे सैल पडली, आणि रुग्णांनी स्वतः निवडलेल्या अडचणी, म्हणजे हाताची स्वच्छता, कपडे घालणे, हाताची ठेवण, वेदना यांसारख्या गोष्टी सुकर झाल्या. इंग्लंडच्या उत्तर भागात ३३३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० आणि २०११ साली बाहेर आले. ते अधिक उद्बोधक आहेत. व्यायामोपचाराला इंजेक्शनाची जोड दिल्याने हाताने वस्तू पकडणे, उचलणे ह्या कार्यक्षमतेत एका महिन्यानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे चाचणीने जो मुख्य प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर नकारार्थी आले. परंतु त्याच चाचणीत तळवा धुणे, नखे कापणे, बाहीत हात घालणे ही साधी कामे सोपी झाल्याचे दिसून आले.

चाचणीचे आर्थिक अंगही तपासण्यात आले. ब्रिटनमध्ये एखाद्या उपचाराने निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळवावयास साधारणतः २०,००० पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर तो त्या काळी किफायतशीर समजत असत. ह्या मापाने पाहता सदर उपचार किफायतशीर ठरण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी भरली. एखादा काटेकोर हिशेबनीस येथेच वही मिटेल आणि म्हणेल, "हात चालत नाही, हिशेबही जमत नाही, मग हा खर्च कशासाठी?"

हिशेबाबाहेरचे श्रम

प्रस्तुत लेखकाला ह्या हिशेबनीसाशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्याची बेरीज चुकलेली नाही. त्याची वही अपुरी आहे. अशा गणितात एका बाजूस रुग्णाच्या आयुष्याची गुणवत्ता आणि दुसऱ्या बाजूस सरकारी आरोग्यसेवेचा खर्च मांडण्याची पद्धत आहे. घरात बसून जी व्यक्ती रोज ती मूठ उघडते, तिचे श्रम सामान्यतः ह्या दोन्ही रकान्यांच्या बाहेर राहतात. अर्थशास्त्राला ही त्रुटी नवी नाही. पिगू ह्या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते! आपण वर्गात हे उदाहरण गमतीने सांगतो, विद्यार्थी हसतात आणि पुढचे प्रकरण सुरू होते. पण त्या विनोदाच्या पोटात आपल्या वहिनी, आया, सुना आणि लेकी बसलेल्या आहेत.

ह्याला आता आकड्यांचाही आधार आहे. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की, घरातील माणसांची विनामोबदला शुश्रूषा व देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे वेळ जातो. पुरुषांचा ७६ मिनिटे. शिवाय स्वयंपाक, धुणीभांडी इत्यादी घरकाम निराळे. ते करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत त्यात २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांच्या बाबतीत ९७. ह्यांतील एकही मिनिट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात उमटत नाही. ज्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे त्या घरातील स्त्रीचा दिवस सरासरीपेक्षा किती लांबत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. वहिनी पूर्वी शिवणकाम करीत. अण्णांच्या आजारपणानंतर त्यांनी शिवणयंत्रावर चादर घातली ती घातलीच. त्या बुडालेल्या मिळकतीची नोंद कोणत्या ताळेबंदात करावयाची?

लीड्स येथील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारला गेला होता. हात निकामी झालेल्या रुग्णांना हे इंजेक्शन दिल्यावर केवळ रुग्णाची अडचण कमी झाली असे नव्हे, तर त्याची देखभाल करणाऱ्यावरील भारही हलका झाला, असे त्या संशोधकांना आढळले. तात्पर्य, आपण जे मोजावयास निघतो तेच आपल्याला सापडते. हात पुन्हा लिहू लागला काय असे विचारल्यास औषध नापास होते; सकाळचा पाऊण तास दहा मिनिटांवर आला काय असे विचारल्यास ते उत्तीर्ण होण्याचा पुष्कळ संभव असतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाला गौण मानावे असे कोणते शास्त्र सांगते?

सुरकुत्या आणि मुठी

बाजारपेठेला मात्र कोणता प्रश्न आधी विचारावा हे ठाऊक असते. अमेरिकेत भुवयांमधील सुरकुत्या घालविण्यासाठी ह्या औषधाला मान्यता मिळाली २००२ साली. पक्षाघातानंतरच्या ताठर हातासाठी मिळाली ती २०१० साली, आणि पायासाठी २०१६ साली. त्याआधीही डॉक्टर आपल्या जबाबदारीवर रुग्णांना ते देत होते हे खरे, आणि युरोपातील क्रम काहीसा वेगळा होता हेही खरे. तरीही हा क्रम बोलका आहे. आज आपल्याकडे देखील ह्या औषधाचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेनटीचा चेहरा येतो, आखडलेली मूठ येत नाही. ह्यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. बाजार गरजेला प्रतिसाद देत नाही, क्रयशक्तीची जोड असलेल्या मागणीला देतो, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवितो. सुरकुत्या असणाऱ्यांजवळ ती शक्ती असते. मूठ आवळलेल्यांजवळ बहुधा नसते, कारण आजाराने मिळकत आणि बचत दोन्ही आधीच खाल्लेली असतात.

अण्णांच्या पहिल्या इंजेक्शनाला औषध, डॉक्टरांचे शुल्क आणि शहरात जाण्या-येण्याचे भाडे मिळून त्यांचे जवळजवळ एका महिन्याचे निवृत्तिवेतन लागले. निवृत्तिवेतन असणारा शिक्षक हा ह्या देशातील सुदैवी म्हातारा समजला पाहिजे. शेतमजुराने, हातगाडीवाल्याने, निवृत्तिवेतन नसलेल्या खाजगी नोकराने दर तीन-चार महिन्यांनी एवढी रक्कम कोठून आणावी?

त्यातही एक गोष्ट अशी की, नुसते इंजेक्शन घेऊन स्वस्थ बसणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे होय. स्नायू सैल पडलेल्या त्या काही आठवड्यांत तो ताणून लांब करावयाचा, हाताला योग्य स्थितीत ठेवणारी पट्टी बांधावयाची, उरलीसुरली हालचाल सरावाने वाढवावयाची, हे फिजिओथेरपिस्टचे काम. अर्थशास्त्राच्या परिभाषेत इंजेक्शन आणि व्यायामोपचार ह्या पूरक वस्तू आहेत; दौत आणि टाक यांसारख्या. आपल्याकडे शहरात दौत मिळते, टाकही मिळतो, पण निरनिराळ्या दुकानांत. तालुक्याच्या गावी बहुधा दोन्ही मिळत नाहीत.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जेथे क्षय आणि कुपोषण अजून हटलेले नाही, जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळण्याची मारामार, तेथे अशा महागड्या उपचाराची चैन कशाला? शिवाय उपचारापेक्षा प्रतिबंध बरा. रक्तदाब वेळीच ताब्यात ठेवला तर पक्षाघातच टळेल.

प्रतिबंधाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे आणि त्यावरील गोळ्या स्वस्त आहेत. ज्याने ह्या लेखातून एकच गोष्ट घ्यावयाचे ठरविले असेल त्याने उद्या आपला रक्तदाब मोजून घ्यावा. पण प्रतिबंधाचा उपदेश उद्याच्या रुग्णाला उपयोगी पडतो. ज्याची मूठ आजच आवळलेली आहे त्याला तो ऐकविणे ही क्रूर थट्टा होय. दुसरे असे की, सर्वांनाच हे इंजेक्शन द्यावे असे कोणीही सांगत नाही. वेळीच सुरू केलेला व्यायाम, हाताची योग्य ठेवण आणि पट्टी हा पहिला उपाय. तो जवळजवळ बिनखर्चाचा आहे आणि बहुसंख्यांना तो मिळतच नाही. ताठरपणा सर्वांगाला असेल तर बॅक्लोफेन, टिझानिडीन यांसारख्या गोळ्या आहेत. मात्र त्यांनी गुंगी व अशक्तता येते. कुशल हातांनी मज्जातंतूजवळ दिलेले फिनॉलचे इंजेक्शन पुष्कळच स्वस्त पडते. परंतु त्याला कौशल्य अधिक लागते आणि चुकीच्या तंतूत गेल्यास दीर्घकाळ आग होत राहते. ह्या सर्व पायऱ्यांनंतर, निवडक रुग्णांसाठी आणि निवडक स्नायूंसाठी बोट्युलिनमचा विचार करावयाचा आहे. अशा रीतीने चाळणी लावली तर खर्चाचा बागुलबुवा बराच लहान होतो.

आणि अग्रक्रमाच्या प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांवर आपण आता पुष्कळ खर्च करू लागलो आहोत. साडेचार तासांच्या आत रुग्ण पोहोचला तर रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध देता येते, अतिदक्षता विभाग आहेत, तपासणीची यंत्रे आहेत. हे सर्व योग्यच आहे. पण लाखो रुपये खर्चून वाचविलेला माणूस तेराव्या दिवशी एका चिठ्ठीनिशी घरी पाठवावयाचा आणि पुढील वीस वर्षे त्याच्याकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, हा व्यवहार काटकसरीचा कसा म्हणावयाचा? धरण बांधून कालवे न खणण्याचे उदाहरण महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नसावी.

करावयास काय हवे

ह्यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. केंद्र सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या नावातच पक्षाघात होता. मुंबईत हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालापासून उभी आहे. राज्यात २०१२ साली सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेली जनआरोग्य योजना आहे. २०१८ सालापासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. म्हणजे चौकट आहे. उणीव आहे ती ह्या योजनांचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असल्याची. पक्षाघाताचे पुनर्वसन ही खाटेवरची नव्हे, तर पुनःपुन्हा येऊन घ्यावयाची सेवा आहे. वर्षभराचा व्यायामोपचार, पट्टी आणि आवश्यक असल्यास इंजेक्शन यांचे मिळून एकच 'पॅकेज' ठरविले आणि ते बाह्यरुग्णाला लागू केले, तर अर्धा प्रश्न मार्गी लागेल.

दुसरी गोष्ट जिल्हा रुग्णालयांची. तीन महिन्यांतून एकदा ठरलेल्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, त्या दिवशी स्थानिक फिजिओथेरपिस्टने निवडून ठेवलेले रुग्ण तपासले गेले, तर शे-दीडशे मैलांचे हेलपाटे वाचतील. औषध दोन ते आठ अंशांत थंड ठेवावे लागते ही अडचण पुढे करण्यात अर्थ नाही. मुलांच्या लशींसाठी तीच शीतसाखळी आपण प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कधीच नेऊन पोहोचविली आहे. राज्याने एकत्रित खरेदी केली तर एका रुग्णाला दुकानात पडणाऱ्या किमतीपेक्षा दर बराच खाली येईल, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, आणि तिला अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा: हात कसा ठेवावा, रोज कोणत्या हालचाली करून घ्याव्यात, आखडण्याची कोणती लक्षणे दिसताच परत यावे, कोणाकडे यावे. असा एक कागद आमच्या हाती पडला असता तर आमचे दीड वर्ष वाचले असते. वैद्यकीय माहिती ही अशी वस्तू आहे की, ती आपल्याजवळ नाही हेच ग्राहकाला ठाऊक नसते. म्हणून ती मागणीवर सोडून चालत नाही, न मागता द्यावी लागते.

वाचकांना अण्णांचे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता असेल. पहिल्या इंजेक्शनानंतर दहाव्या दिवशी त्यांची मूठ सैल पडली. ती पूर्ण उघडली नाही. दीड वर्षाच्या विलंबाने दोन बोटांचे कंडरे आखूड झाले आहेत आणि ते आता तसेच राहावयाचे. त्या हाताने ते खडू धरणार नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. पण नखे कापता येऊ लागली, तळवा कोरडा राहू लागला आणि सकाळचे काम दहा मिनिटांत आटोपू लागले. त्या दहा मिनिटांत अण्णा भिंतीकडे पाहत नाहीत. वहिनींशी वर्तमानपत्रातील बातम्यांविषयी वाद घालतात.

चार महिन्यांनी दुसऱ्या इंजेक्शनाची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. "भाऊ, तेवढ्या पैशात नातीची फी भागते," ते मला म्हणाले. व्यक्तिगत अग्रक्रमाचा हा निर्णय अर्थशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे विवेकी होता. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी जुने धोतर काढून त्याच्या पट्ट्या फाडावयास घेतल्या. त्या पट्ट्या पाहिल्या आणि आम्ही भावंडांनी वर्गणी काढून ते इंजेक्शन देवविले. तिसऱ्याचे कसे करावयाचे हे अद्याप ठरलेले नाही. ज्या घरात वर्गणी काढावयास भावंडे नाहीत तेथे काय होत असेल, हा प्रश्न मात्र आता केवळ आमच्या घरचा राहिलेला नाही. ज्या समाजाने माणसाचा जीव वाचविण्याची जबाबदारी पत्करली आहे, त्याने त्या माणसाची मूठ उघडण्याचे काम एकट्या त्याच्या पत्नीवर सोपवून ताळेबंद जुळल्याचे समाधान मानू नये.